‘गुन्हा कबूल आहे काय?’ : मोटार वाहतूक खटल्यांतील आरोपीच्या जबाबाचा इतिहास

प्रस्तावना

फौजदारी न्यायव्यवस्थेच्या इतिहासाचा अभ्यास प्रायः मोठ्या खटल्यांच्या आधारे केला जातो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर लोकमान्य टिळकांवरील १८९७ व १९०८ चे राजद्रोहाचे खटले हे अशा अभ्यासाचे ठळक विषय होत. परंतु सामान्य नागरिकाचा फौजदारी न्यायालयाशी संबंध येतो तो बहुधा अगदी वेगळ्या कारणाने. सिग्नल ओलांडणे, वेगमर्यादा मोडणे, परवाना जवळ नसणे, हेल्मेट न घालणे अशा किरकोळ नियमभंगाबद्दल त्याच्या हाती समन्स पडते आणि दंडाधिकाऱ्यापुढे त्याला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : गुन्हा कबूल आहे काय?

हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. ‘काय तो दंड भरू आणि मोकळे होऊ’ ही त्यावरील सर्वसाधारण प्रतिक्रिया असते. मात्र गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या प्रश्नाचे शब्द, तो विचारण्याची पद्धत आणि उत्तर देण्याचे साधन या तिन्ही गोष्टी बदलत गेल्या आहेत. आरोपीच्या तोंडच्या वाक्याची जागा नोंदणीकृत पत्राने घेतली, पत्राची जागा मनीऑर्डरच्या कुपनाने घेतली आणि कुपनाची जागा आता संगणकाच्या पडद्यावरील एका पर्यायाने घेतली आहे. कबुली देणे जसजसे सोपे होत गेले, तसतसे आपण काही निवड करीत आहोत याचे भान पुसट होत गेले, हे या स्थित्यंतरातून दिसून येते. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा कायद्याच्या तरतुदी आणि न्यायनिर्णय यांच्या आधारे मागोवा घेतला आहे. त्याचबरोबर, कोणता जबाब केव्हा योग्य ठरतो या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर इतिहासातून कितपत मिळते, हेही तपासले आहे.

१८९८ ची संहिता : आरोपीचे स्वतःचे शब्द

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवर मोटारगाड्या दिसू लागल्या. त्यांच्या नियमनासाठी संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानला लागू होणारा पहिला कायदा १९१४ मध्ये झाला. मात्र या कायद्याखालील खटला कसा चालवावा हे ठरविणारी चौकट आधीच तयार होती. ती होती १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता.

या संहितेने खटल्यांचे समन्स खटले आणि वॉरंट खटले असे दोन वर्ग केले होते. सहा महिन्यांहून अधिक कारावासाची शिक्षा असलेले अपराध वॉरंट खटल्यांत मोडत आणि त्याखालील सर्व अपराध समन्स खटल्यांत येत. मोटारविषयक नियमभंग स्वाभाविकपणेच दुसऱ्या वर्गात गेले. समन्स खटल्यात औपचारिक दोषारोपपत्र तयार करण्याची गरज नव्हती. कलम २४२ नुसार आरोपीला अपराधाचा तपशील सांगावयाचा आणि त्याला दोषी का ठरवू नये याचे काही कारण दाखवावयाचे आहे काय, असे विचारावयाचे. कलम २४३ नुसार त्याने अपराध केल्याचे मान्य केले तर ती मान्यता शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावयाची आणि त्याने पुरेसे कारण दाखविले नाही तर त्याला दोषी ठरवावयाचे.

या रचनेतील दोन वैशिष्ट्ये येथे लक्षात घेतली पाहिजेत. पहिले असे की, कृत्य मान्य करणे आणि दोषी ठरणे या दोहोंमध्ये या तरतुदीने थोडे अंतर राखले होते. ‘होय, गाडी वेगाने नेली, पण गाडीत अत्यवस्थ रुग्ण होता’ असे सांगणाऱ्या चालकाचे म्हणणे या चौकटीत बसू शकत होते. त्याने कृत्य मान्य केले असले तरी कारणही दाखविले होते. ते कारण पुरेसे आहे की नाही हे ठरविणे दंडाधिकाऱ्याचे काम होते. दुसरे वैशिष्ट्य भाषेचे. आरोपीचे शब्द जसेच्या तसे नोंदविण्याच्या अपेक्षेमुळे, त्याने नेमके काय कबूल केले आणि काय नाही, हे अभिलेखावर राहत असे.

ही अपेक्षा केवळ सोपस्कार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने पुढे महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या १९६६ च्या वृत्तांतात प्रसिद्ध झालेल्या निर्णयात स्पष्ट केले. कलम २४३ मधील नोंदीची आवश्यकता बंधनकारक आहे आणि ती पाळली नाही तर दोषसिद्धी टिकत नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे. तो खटला मोटार वाहतुकीचा नव्हता. पण समन्स खटल्याची प्रक्रिया एकच असल्यामुळे त्याचा परिणाम वाहतुकीच्या खटल्यांवरही होणे क्रमप्राप्त होते.

१९३९ : कबुली पोस्टाने

१९३९ चा मोटार वाहन अधिनियम हा या इतिहासातील खरा वळणबिंदू होय. तोपर्यंत मालमोटारी व प्रवासी मोटारी जिल्ह्याजिल्ह्यांत धावू लागल्या होत्या. एका जिल्ह्यातील चालकावर दूरच्या दुसऱ्या जिल्ह्यात खटला होण्याची शक्यता त्यामुळे वाढली होती. पाच-दहा रुपयांच्या दंडासाठी त्याने दिवसाची मजुरी बुडवून, प्रवासखर्च सोसून न्यायालयात हजर राहावे, ही त्याच्या दृष्टीने दंडापेक्षा मोठी शिक्षा होती.

या अधिनियमाच्या कलम १३० ने त्यावर उपाय योजला. अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीच्या ‘अ’ भागात नमूद केलेले अपराध वगळता, इतर अपराधांच्या समन्सवर न्यायालयाने दोहोंपैकी सवलत नमूद करावयाची होती. आरोपीने स्वतः न येता वकिलामार्फत हजर व्हावे, ही एक. सुनावणीपूर्वीच्या ठरावीक तारखेपर्यंत नोंदणीकृत पत्राने अपराध कबूल करून न्यायालयाने सांगितलेली, जास्तीत जास्त पंचवीस रुपयांची रक्कम पाठवावी, ही दुसरी. असे केल्यास त्या अपराधाबाबत पुढील कार्यवाही होत नसे आणि केवळ कबुली दिली म्हणून परवाना धारण करण्यास अपात्रही ठरविले जात नसे. अनुसूचीच्या ‘ब’ भागातील अपराधांबाबत मात्र पत्रासोबत परवानाही पाठवावा लागे, कारण त्यावर दोषाची नोंद व्हावयाची असे.

कबुलीच्या बदल्यात आरोपीला काय मिळते, हे भारतीय कायद्याने येथे प्रथमच इतक्या उघडपणे मांडले. दंडाची कमाल रक्कम आधीच माहीत, न्यायालयाची फेरी टळलेली आणि अपात्रतेपासून संरक्षण असा हा व्यवहार होता. पण त्याची किंमतही होती. पत्रात ‘अपराध कबूल’ एवढेच लिहावयाचे असल्याने १८९८ च्या संहितेतील ‘कारण दाखविण्या’ची जागा प्रत्यक्षात उरली नाही. अत्यवस्थ रुग्णाची हकीकत सांगावयाची असेल तर न्यायालयात जाणे भाग होते.

ही सवलत हा आरोपीचा हक्क आहे की न्यायालयाची मर्जी, असा वाद पुढे उपस्थित झाला. पुरण सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९६५ च्या प्रकरणात तो सर्वोच्च न्यायालयापुढे आला. समन्सवर दोन्ही पर्याय देणे दंडाधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, प्रकरणाचे स्वरूप पाहून त्यांपैकी कोणता नमूद करावयाचा हे तो ठरवू शकतो, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. पोस्टाने कबुली देण्याचा मार्ग ही दंडाधिकाऱ्याच्या विवेकाधीन सोय आहे, हे त्यामुळे निश्चित झाले.

इंग्लंडशी तुलना

ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे हे इंग्लंडमधील कायद्यांच्या मागून येतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. मोटार कायद्यांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा आहे. १९०३ च्या इंग्लंडमधील मोटार कार अधिनियमाने नोंदणी, परवाना आणि ताशी वीस मैलांची वेगमर्यादा आणली. एकाच साक्षीदाराच्या केवळ अंदाजावरून ती मर्यादा ओलांडल्याबद्दल कोणासही दोषी ठरवू नये, हे तत्त्वही त्याच अधिनियमाने घालून दिले. १९३० च्या रोड ट्रॅफिक अधिनियमाने वेग व धोकादायक वाहनचालनाच्या खटल्यांपूर्वी चालकाला चौदा दिवसांच्या आत सूचना देण्याचे बंधन घातले. या दोन्ही संरक्षणांची छाया भारतीय कायद्यात स्पष्ट दिसते.

परंतु पत्राने कबुली देण्याच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. इंग्लंडमध्ये दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात पोस्टाने अपराध कबूल करण्याची पद्धत १९५७ च्या मॅजिस्ट्रेट्स कोर्ट्स अधिनियमाने सुरू झाली. हिंदुस्थानात मोटार खटल्यांपुरती ती अठरा वर्षे आधी अस्तित्वात आली होती. इंग्लंडने १९६० मध्ये वाहने उभी करण्यासंबंधीच्या नियमभंगांसाठी ठरावीक दंडाची पद्धत आणली आणि २०१५ च्या कायद्याने किरकोळ खटले एकाच न्यायाधीशाने केवळ कागदपत्रांवरून निकालात काढण्याची व्यवस्था केली. किरकोळ खटल्यातून आरोपीची उपस्थिती हळूहळू वजा होत जाणे हा एका देशापुरता प्रवाह नव्हता, हे यावरून दिसते.

अमेरिकेतील अनेक राज्यांत वाहतुकीच्या आरोपीला कबुली व नाकबुली यांखेरीज ‘नोलो कन्तेंदरे’ म्हणजे ‘मी आरोपास आव्हान देत नाही’ असा तिसरा जबाब उपलब्ध असतो. त्यात शिक्षा स्वीकारली जाते, परंतु तो जबाब दिवाणी दाव्यात आरोपीविरुद्ध कबुली म्हणून सहसा वापरता येत नाही. भारतीय कायद्यात असा जबाब नाही. कबुली दिली की तिचे पडसाद इतरत्रही उमटू शकतात, ही गोष्ट म्हणूनच भारतात अधिक महत्त्वाची ठरते.

१९७३ आणि १९८८ : प्रश्नाचे नवे शब्द

१९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. तिच्या कलम २५१ ने प्रश्नाचे शब्दच बदलले. आरोपीला आता विचारावयाचे होते की, तो अपराध कबूल करतो काय, किंवा त्याला काही बचाव करावयाचा आहे काय. ‘कारण दाखवा’ ही भाषा गेली आणि कबुली व बचाव अशी सरळ विभागणी आली. कलम २५२ ने आरोपीचे शब्द शक्यतो जसेच्या तसे नोंदविण्याची अपेक्षा कायम ठेवली. शिवाय कबुलीवरून दोषी ठरविणे हे दंडाधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविले. आरोपीला आरोपाचा अर्थ कळलेला नाही किंवा तो कबुली देता देता बचावच सांगत आहे असे दिसल्यास दंडाधिकारी ती कबुली न स्वीकारता पुरावा घेऊ शकतो. ही तरतूद बहुतेक आरोपींना ठाऊक नसते.

याच संहितेने कलम २०६ व २५३ अन्वये सर्वच क्षुल्लक अपराधांसाठी पत्राने कबुली देण्याचा मार्ग खुला केला. १९३९ मध्ये मोटार खटल्यांसाठी आखलेली वाट अशा रीतीने सामान्य फौजदारी कायद्यात आली. मोटार वाहन अधिनियमाखालील अपराध मात्र ‘क्षुल्लक अपराधा’च्या व्याख्येतून वगळण्यात आले, कारण त्यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था आधीपासूनच होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही, दंडाची मर्यादा पाच हजार रुपयांपर्यंत वाढविताना, हा अपवाद कायम ठेवला आहे.

१९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम २०८ ने जुन्या कलम १३० चा वारसा पुढे चालविला, पण त्यात दोन महत्त्वाचे बदल केले. पंचवीस रुपयांची मर्यादा जाऊन तेथे त्या अपराधासाठी असलेल्या कमाल दंडाची मर्यादा आली. म्हणजे कबुलीमुळे मिळणाऱ्या आर्थिक सवलतीची हमी उरली नाही. दुसरा बदल साधनाचा होता. रक्कम मनीऑर्डरने पाठवावयाची आणि अपराधाची कबुली मनीऑर्डरच्या कुपनावरच द्यावयाची. गावाकडे पैसे पाठविताना ‘सर्व कुशल आहे’ एवढे लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कागदाच्या चिटोऱ्यावर फौजदारी न्यायालयातील कबुली मावू लागली.

याच अधिनियमाच्या कलम २०० ने तडजोडीचा मार्ग दिला. राज्य शासनाने अधिकार दिलेला अधिकारी ठरावीक रक्कम घेऊन नमूद अपराध जागच्या जागी मिटवू शकतो. न्यायालयातील कबुली आणि ही तडजोड यांत मूलभूत फरक आहे. तडजोडीत दोषसिद्धी होत नाही आणि प्रकरण न्यायालयासमोर जातच नाही. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने या फरकाला मर्यादा घातली. तडजोड झालेला अपराधही, तोच अपराध पुन्हा घडल्यास, पूर्वीचा अपराध म्हणून मोजला जाईल, असे परंतुक कलम २०० ला जोडण्यात आले. चौकातील पोलीस शिपायाला पैसे देऊन घेतलेली पावती ही आता पुढील वेळच्या वाढीव दंडाचा आधार बनू शकते.

कबुलीचे मोल

कबुलीने काय गमावले जाते, याचे उत्तर अपिलाच्या तरतुदींत सापडते. १९७३ च्या संहितेच्या कलम ३७५ नुसार कबुलीवरून दोषी ठरलेल्या आरोपीला शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता यांखेरीज अपील करता येत नसे. नव्या संहितेतही तेच तत्त्व कायम आहे. ‘गुन्हा केला होता का’ या प्रश्नाचे दार कबुलीनंतर बहुतांशी बंद होते.

कबुली देताना दाखविलेले आमिष हा दुसरा प्रश्न. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७६ च्या अन्नभेसळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कबुली आणि सौम्य शिक्षा यांच्या सौद्यावर कठोर टीका केली. १९८३ च्या थिप्पस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य या निर्णयाचा वाहतुकीशी अधिक जवळचा संबंध आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवून आणल्याच्या, भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खालील आरोपात आरोपीने सौम्य शिक्षेच्या अपेक्षेने कबुली दिली होती आणि वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा वाढविली. सौम्य शिक्षेचे आश्वासन देऊन कबुली घ्यावयाची आणि नंतर शिक्षा वाढवावयाची, हे संविधानाच्या अनुच्छेद २१ चे उल्लंघन होय, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पुढे २००५ च्या दुरुस्तीने सौद्याच्या कबुलीला मर्यादित प्रमाणात वैधानिक रूप दिले आणि ते जुलै २००६ पासून अमलात आले. केवळ दंडाच्या वाहतूक प्रकरणांत मात्र त्याचा उपयोग अत्यल्प आहे.

तिसरा परिणाम अपघाताच्या प्रकरणांत दिसतो. एकाच घटनेतून मोटार वाहन अधिनियमाखालील आरोप आणि बेदरकार वाहनचालनाचा सामान्य दंडकायद्याखालील आरोप असे दोन्ही उद्भवू शकतात. जुन्या दंड संहितेचे कलम २७९, आणि १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, हे त्या दुसऱ्या आरोपाचे कलम होय. एका आरोपाची कबुली म्हणजे दुसऱ्याची कबुली नव्हे. तथापि बेदरकारपणाची कबुली ही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे निर्णायक नसली तरी चालकाविरुद्ध वापरली जाऊ शकते. थोडक्या दंडात सुटका झाली म्हणून समाधान मानणाऱ्या चालकाला तिचे मोल नुकसानभरपाईच्या दाव्यात कळते.

परवान्यावरील परिणाम हा चौथा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ड मध्ये हेल्मेट न घालण्याबद्दल एक हजार रुपयांच्या दंडासोबत तीन महिने परवाना धारण करण्यास अपात्रता आहे. दंडाच्या रकमेकडेच पाहणाऱ्याचे शिक्षेच्या या दुसऱ्या भागाकडे सहसा लक्ष जात नाही.

नाकबुलीचे आधार

नाकबुली म्हणजे खोटे बोलणे, असा एक नैतिक गैरसमज आढळतो. कायद्याच्या दृष्टीने नाकबुलीचा अर्थ इतकाच की, आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोग पक्षाने पार पाडावी. कायद्याने दिलेली अनेक संरक्षणे नाकबुलीनंतरच जागी होतात, हे येथे अधोरेखित करणे आवश्यक आहे.

वेगाच्या आरोपात एकाच साक्षीदाराच्या मतावरून दोषसिद्धी होऊ शकत नाही. ते मत यांत्रिक साधनाने केलेल्या मोजमापावर आधारलेले असले पाहिजे. १९०३ च्या इंग्लिश कायद्यातून आलेले हे तत्त्व १९८८ च्या अधिनियमाच्या कलम १८३ मध्ये आहे आणि २०१९ मध्ये त्यात इलेक्ट्रॉनिक साधनाचीही भर पडली. कलम २०९ नुसार वेग किंवा धोकादायक वाहनचालनाच्या आरोपात चालकाला जागीच ताकीद दिलेली असावी, किंवा चौदा दिवसांत अपराधाचे स्वरूप, वेळ व ठिकाण कळविणारी सूचना पाठविलेली असावी, अथवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले असावे लागते. या नियमालाही अपवाद आहेत. तथापि सूचनेची तारीख तपासण्याइतका हा नियम निश्चितच महत्त्वाचा आहे. तसेच संक्षिप्त खटल्यात आरोपीने कबुली दिली नाही तरच दंडाधिकाऱ्याला पुराव्याचा सारांश आणि निर्णयाची कारणे लिहावी लागतात. कबुली दिली की पुरावाही नाही आणि कारणमीमांसाही नाही. न्यायालयाच्या दप्तरात नाकबुलीचा खटला काही पानांचा असतो, कबुलीचा एका ओळीचा.

ई-चलान आणि आभासी न्यायालय

मुंबईत २०१६ मध्ये ई-चलानची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. त्यामुळे घटनास्थळी होणारी पोलीस व चालक यांची भेटच अनेकदा टळते. चलान वाहनाच्या नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते, मग गाडी कोणी का चालविली असेना. चालकाची माहिती देण्याचे मालकाचे कर्तव्य कलम १३३ मध्ये आहे. परंतु ही माहिती देऊन आपण स्वतः चालक नव्हतो असे सांगण्याऐवजी रक्कम भरून टाकणे अनेकांना सोयीचे वाटते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातलेल्या नियम १६७-अ ने कॅमेऱ्यांच्या वापरावर काही बंधने घातली. यंत्राला मान्यता प्रमाणपत्र असणे, कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारे फलक लावणे, घटनेपासून पंधरा दिवसांत सूचना पाठविणे आणि चलान निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जतन करणे यांचा त्यात समावेश आहे. नाकबुलीच्या जुन्या आधारांत ही नवी भर होय.

वाहतूक चलानांसाठी दिल्लीत २०१९ मध्ये आभासी न्यायालय सुरू झाले. महाराष्ट्रातील असे न्यायालय नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले. या व्यवस्थेत समन्स भ्रमणध्वनीवर येते. आरोपी संकेतस्थळावर आपले प्रकरण पाहतो आणि प्रस्तावित दंड भरावयाचा की प्रकरण लढवावयाचे, हे निवडतो. दंड भरणे म्हणजे अपराधाची कबुली. लढविण्याचा पर्याय निवडल्यास प्रकरण त्या क्षेत्राच्या नियमित न्यायालयाकडे जाते. १८९८ मध्ये तपशील, कारण आणि आरोपीचे स्वतःचे शब्द अशा तीन टप्प्यांत चालणारी प्रक्रिया येथे दोन पर्यायांत येऊन सामावली आहे. आरोपीच्या शब्दांची नोंद करण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण शब्द त्याचे नसतात. ते आधीच छापलेले असतात.

२०२१ पासून महाराष्ट्रात राष्ट्रीय लोक अदालतीपुढेही प्रलंबित ई-चलान प्रकरणे ठेवली गेली. लोक अदालतीतील निवाडा हा समझोता असतो. तो कबुलीही नाही आणि नाकबुलीही नाही. मात्र तो अंतिम असतो व त्यावर अपील नाही, ही गोष्ट समझोत्यापूर्वीच लक्षात घ्यावी लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. मोटार खटल्यांतील कबुलीच्या सुलभीकरणाचा उगम जनतेच्या सोयीत होता. दूरच्या न्यायालयात हेलपाटा घालणाऱ्या चालकाला १९३९ च्या कायद्याने खराखुरा दिलासा दिला आणि तो इंग्लंडच्याही आधी दिला. आजचे आभासी न्यायालय त्याच परंपरेतील आहे, आणि ज्याला आपला नियमभंग मान्य आहे त्याच्यासाठी ते उपकारकच आहे. मात्र १९३९ च्या सवलतीला जोडून अल्प दंडाची जी निश्चित मर्यादा होती, ती १९८८ मध्ये गेली. तडजोडीनंतर पाटी कोरी राहत असे, तेही २०१९ नंतर राहिले नाही. सोय वाढली आणि तिच्यासोबतचे संरक्षण घटले, हा या इतिहासाचा गाभा होय.

योग्य जबाब कोणता, या प्रश्नाला म्हणूनच एकच उत्तर नाही. कृत्य खरोखर घडले असेल, सूचना व मोजमाप नियमानुसार असेल, अपराध केवळ दंडाचा असेल आणि परवान्यावर किंवा पुढील दाव्यावर त्याचा परिणाम होणार नसेल, तर कबुली हा प्रामाणिक आणि किफायतशीर मार्ग आहे. गाडी दुसऱ्याने चालविली असेल, नियमभंगामागे सांगण्याजोगे कारण असेल, सूचना मुदतीबाहेरची असेल किंवा घटनेत कोणी जखमी झाले असेल, तर बचाव करणे किंवा किमान वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते. आरोपीला कळते आहे तोवरच त्याची कबुली ही कबुली असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने समन्स खटल्यांच्या जुन्या प्रक्रियेतून जपले आहे. संकेतस्थळावरील पर्यायालाही तेच लागू व्हावयाचे असेल, तर दंडाच्या रकमेशेजारी कबुलीचे परिणाम मराठीत, सोप्या शब्दांत छापलेले असणे ही किमान अपेक्षा आहे. समन्सवर काय लिहावे हे १९३९ च्या कायद्याने न्यायालयाला बजावले होते. पडद्यावर काय लिहावे, हे आजच्या कायद्याने बजावणे त्याच परंपरेला धरून होईल.